डिचोलीचा बिशप, सांकवाळचा पाद्री

गोव्यातल्या पेडण्यात हल्ली जमिनीचा विषय निघाला नाही असं घर विरळाच. 2023 च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली. ज्या काजूच्या भाटांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यांचा दर विचारत माणसं दारात येऊ लागली. विकावं की राखावं? मुलानं इथंच राहावं, बोटीवर जावं, की पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोप गाठावं? अशा वेळी ख्रिस्ती घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं: प्रार्थना कर, आणि मन शांत होईल ते कर.

सल्ला जुना आहे. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात पौलानं मनातला निवाडा ख्रिस्ताच्या शांतीवर सोपवला आहे. पण ते पत्र एकट्यादुकट्याला नव्हतं, साऱ्या मंडळीला होतं. एकमेकांविरुद्ध गाऱ्हाणी असलेल्या, तरीही एकाच शरीराचे अवयव असलेल्या माणसांना होतं. माझ्या एकट्याच्या जिवाला बरं वाटलं, एवढ्यावरून ही शांती ओळखायची कशी?

हा प्रश्न मनात घेऊन डिचोलीत आलं की मला मातेउस द कास्त्रो आठवतात. दिवाडी बेटावरच्या नावेलीचा हा ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती. गोव्यात आपल्याला पाद्रीपद मिळणार नाही हे दिसल्यावर ते थेट रोमला गेले, तिथं दीक्षा घेतली आणि 1637 मध्ये बिशप झाले. पोर्तुगीजांनी त्यांचा अधिकार मानला नाही. तेव्हा डिचोली आदिलशाहीत होती. त्यांनी तिथं मुक्काम केला, चर्च उभारलं. 1653 मध्ये गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून जळजळीत लेखन केलं. पुढच्याच वर्षी विजापूरची फौज गोव्यावर चालून आली, तेव्हा तिला चिथावल्याचा आळ त्यांच्यावर आला. अखेर ते रोममध्येच वारले.

त्यांचा राग खरा होता. मला तो आजही न्याय्य वाटतो, आणि गोव्याच्या भूमिपुत्र पाद्रींनी त्यांचं ऋण मानावं असंच मी म्हणेन. पण न्याय्य रागातून सुरू झालेली वाट कुठवर चालायची, हे तो राग सांगू शकत नाही.

संत जुझे वाझ सांकवाळच्या घराण्यातले, जन्म 1651 चा. ज्या व्यवस्थेनं कास्त्रोंना दुखवलं, तिच्यातच तेही वाढले. श्रीलंकेत डचांच्या अमलाखाली कॅथलिकांना पाद्री उरला नव्हता. तिकडे जायची त्यांना तळमळ. पण वरिष्ठांनी 1681 मध्ये कानडा मुलखात पाठवलं. तिथं रोमनं नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो होते, डिचोलीच्या बिशपांचे पुतणे! वाझ पोर्तुगीज पद्रोआदोच्या, म्हणजे चर्चच्या कारभारावरच्या पोर्तुगीज राजाच्या हक्काच्या, बाजूचे; तेव्हा भांडण आयतंच हाती आलं होतं. वाझांनी त्यात तेल ओतलं नाही; बिशपांशी जुळवून घेत लोकांची सेवा चालू ठेवली. श्रीलंकेची ओढ मात्र मावळली नाही. परतल्यावर ते जुन्या गोव्यातल्या ओरेटरी या पाद्रींच्या संघात सामील झाले, त्याचे प्रमुख झाले, आणि ते पद सोडून 1687 मध्ये मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. पुढं कँडीत हेर समजून कैद झाली. 1697 मध्ये देवीची साथ आली, तेव्हा पुतणे जुझे कार्व्हाल्योंना घेऊन ते रुग्णांजवळ राहिले. बिशपपद देऊ केलं, तेही त्यांनी घेतलं नाही. 1711 मध्ये कँडीतच देह ठेवला. गोवा त्यांना पुन्हा दिसला नाही.

ख्रिस्ताच्या शांतीनं वाझांना सुख दिलं नाही. तिनं त्यांना वर्षानुवर्षं थांबू दिलं, एवढं मला दिसतं. इग्नासियस लोयोलांनीही साधकांना सांगितलं होतं की मन काळवंडलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. आणि चांगली प्रेरणा स्पंजात पाणी मुरावं तशी अलगद येते, दगडावर आपटल्यासारखी नाही.

म्हणून पेडण्यातल्या त्या घराला मला घाई करू नका असं सांगावंसं वाटतं. दलाल 'उद्याच सही' म्हणतो. त्याला पावसाळा जाऊ द्या म्हणावं. तोवर मुंबईच्या बहिणीला, कुवेतच्या भावाला, रुसून वेगळ्या राहिलेल्या धाकट्यालाही एकदा बसवून विचारावं. पुढच्या मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रॉसपाशी, लदीनची प्रार्थना असेल, तेव्हा ही सगळी भावंडं शेजारी उभी राहतील का, हे दर ठरवण्याआधी विचारायला हवं.