गाळ्याचे भाडे आणि आशीर्वादाची किंमत

अमेरिकेत ज्याला ‘अँटिक मॉल’ म्हणतात तो आपल्याकडच्या झगमगत्या मॉलपेक्षा अगदी निराळा असतो. गोदामासारखी प्रशस्त इमारत, आत लहान लहान गाळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक गाळ्याचा भाडेकरू वेगळा. गाळेधारक जुन्या वस्तू मांडतो, प्रत्येकीला आपला क्रमांक व किंमत लिहिलेली चिठ्ठी बांधतो आणि घरी जातो. विक्री दारापाशी असलेल्या एकाच गल्ल्यावर होते. महिनाअखेर मालक भाडे व दलाली कापून उरलेली रक्कम देतो. ज्यांना दिवसभर दुकानात बसणे झेपत नाही अशा वृद्धांना ही सोय बरी. मात्र माल खपो वा न खपो, भाडे चुकत नाही.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ॲडम्सटाऊन हे गाव या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातील एका धर्मग्रामात, रजेवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी, मी एक उन्हाळा सेवा केली. एका रविवारी मिस्सेनंतर सत्तरी ओलांडलेल्या एक विधवा बाई सॅक्रिस्टीत आल्या. मोठे घर विकून त्या लहान सदनिकेत राहायला गेल्या होत्या आणि पतीने आयुष्यभर जमवलेल्या वस्तू विकण्यासाठी त्यांनी एक गाळा भाड्याने घेतला होता. घड्याळे, कंदील, काचसामान यांविषयी त्यांना काही विचारायचे नव्हते. प्रश्न एका खोक्याचा होता. त्यात वेदीवरचे सहा पितळी दीपस्तंभ, चांदीचा एक कालीस आणि मेणाची मोहोर असलेली, एका संताच्या अवशेषाची इवलीशी डबी होती.

यांतले काहीही वाममार्गाने आलेले नव्हते. त्या राज्यातील कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात पोलिश, स्लोव्हाक, लिथुएनियन आणि आयरिश कामगारांनी पोटाला चिमटा घेऊन आपापली चर्चे उभारली होती. खाणी थंडावल्या, तरुण पिढी पांगली आणि २००८ साली ॲलनटाऊन धर्मप्रांताने तेथील अनेक धर्मग्राम एकत्र केले. बाईंचे पती अशाच एका बंद झालेल्या चर्चमध्ये लहानपणी वेदीसेवक होते. दीपस्तंभ त्यांनी तेथून रीतसर विकत घेतले होते. कालीस व डबी धर्मगुरू असलेल्या मामांकडून आली होती.

“फादर, हे विकले तर पाप लागेल का?” बाईंनी विचारले. मग किंचित संकोचाने म्हणाल्या, “शेजारचे गाळेवाले सांगतात, चिठ्ठीवर ‘आशीर्वादित’ असे लिहिले की किंमत चढते.”

सेमिनरीत ‘सिमनी’चा, म्हणजे पवित्र गोष्टींच्या क्रयविक्रयाचा, विषय आमच्या प्राध्यापकांनी एका तासात आटोपला होता. त्या खोक्यापुढे तो मला तीन आठवडे पुरला.

डबीविषयी शंकाच नव्हती. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम ११९० अवशेषांची विक्री सर्वस्वी निषिद्ध ठरवते. कलम ११७१ सांगते की, आशीर्वाद देऊन उपासनेसाठी वेगळ्या काढलेल्या वस्तू खासगी मालकीच्या असल्या तरी त्यांचा ऐहिक वा अनुचित उपयोग होऊ नये. (आपल्याकडे जुने घर पाडताना आशीर्वादित आल्तार भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतो, तेव्हा हे कलम कोणाला आठवते?) १९१७ चा जुना कायदा तर या बाबतीत फारच मार्मिक होता. अभिषिक्त कालीस विकणे ही सिमनी नव्हे, परंतु अभिषेकापोटी किंमत वाढवता कामा नये, असे तो सांगे. चांदीचे आणि कारागिरीचे मोल घ्यावे, कृपेचे नव्हे. शिवाय जाहीर विक्रीस मांडलेली वस्तू आपला आशीर्वादच गमावते, असेही त्यात होते. म्हणजे त्या कायद्याच्या दृष्टीने ‘आशीर्वादित’ ही चिठ्ठी बांधून वस्तू फळीवर ठेवावी आणि त्याच क्षणी चिठ्ठी खोटी ठरावी!

पैशाची गरज हे काही पाप नव्हे. चौथ्या शतकात संत आंब्रोज यांनी युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी मिलानच्या चर्चची पात्रे मोडली. टीकाकारांना उत्तर देताना त्यांनी एक पथ्यही सांगून ठेवले: पवित्र प्याल्याचा आकार चर्चबाहेर जाऊ देऊ नये, आधी तो मोडावा. हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी कालीस उलटा करून तळाशी कोरलेले मामांच्या आईचे नाव मला दाखवले. तो मोडणे त्यांना शक्य नव्हते. तो विकला असता तर गाळ्याचे काही महिन्यांचे भाडे सुटले असते, हेही त्यांनी सांगितले.

दीपस्तंभांच्या चिठ्ठीवर गावाचे व चर्चचे नाव घालण्यास मी हरकत घेतली नाही. वस्तू कुठली हे सांगणे म्हणजे सत्यकथन. काहींना माझे हे मत सैल वाटेल. ‘आशीर्वादित’ हा शब्द मात्र आम्ही वगळला. डबी धर्मप्रांताच्या कार्यालयात पोहोचली. तिसऱ्या रविवारी बाईंनी कालीसही माझ्या हाती दिला. त्या वर्षी गुरुदीक्षा घेणाऱ्या एका तरुणाला तो मिळाला.

मी परतण्याच्या आदल्या दिवशी मॉलचा मासिक हिशेब आला. सहांपैकी चार दीपस्तंभ एका लहानशा प्रॉटेस्टंट मंडळीने आपल्या चर्चसाठी नेले होते. भाडे व दलाली वजा जाता बाईंच्या वाट्याला तेवीस डॉलर उरले होते.