धूपछाव

ओझरच्या शिकवणीत मी ‘सायकेडेलिक’ हा शब्द काढला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, ते नशेवाल्यांचं ना?” मी येवल्याहून आणलेला पैठणीचा वीतभर तुकडा घेऊन खिडकीपाशी जातो. ताणा हिरवा, बाणा लाल. समोर धरला की एक रंग, जरा तिरपा केला की दुसरा, आणि मधेच क्षणभर असा एक रंग झळकतो जो दोन्ही धाग्यांत नाही. विणकर याला धूपछाव म्हणतात. तो रंग डोळा आणि मेंदू मिळून तयार करतात.

सायकेडेलिक चित्रांची भिस्त याच कारागिरीवर आहे. 1966-67च्या सॅन फ्रान्सिस्कोत संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टरं करणारा व्हिक्टर मॉस्कोसो येलमध्ये जोसेफ अल्बर्सच्या हाताखाली रंग शिकून आला होता. त्या काळाचा एलएसडी या नशेच्या पदार्थाशी संबंध होता, तो लपवायचं कारण नाही. पण पोस्टर पाहणारा पूर्ण शुद्धीवर असला तरी त्यातली अक्षरं थरथरतात. का, ते मुलं स्वतः करून पाहतात. लाल पट्टीला लागून हिरवी पट्टी रंगवायची आणि हिरव्यात थेंबथेंब पांढरा मिसळत जायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एका थेंबाला दोन्ही रंगांचा उजळपणा सारखा होतो आणि मधली कड हलायला लागते. मेंदू कड शोधतो ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. इथे तो फरकच उरत नाही. रंग मात्र ‘कड आहे’ असं सांगत राहतो. त्या थेंबाला वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी शिकवतो.

अतिवास्तववाद हाच खेळ अर्थाशी खेळतो. अतिवास्तववादी चित्रकार दालीच्या 1937च्या एका चित्रात हंसांची पाण्यातली प्रतिबिंबं हत्ती होतात. आपल्याकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणांना मिळून एकच डोकं आहे, आणि ते दालीच्या किमान चौदाशे वर्षं आधीचं.

मराठी चित्रकारांत या वाटेवर सर्वांत लांब गेले ते प्रभाकर बरवे. विणकर सेवा केंद्रात नोकरी, बनारसमधली वर्षं, तिथे भेटलेली तंत्रपरंपरेतली चित्रं, आणि पुढे चकचकीत एनॅमल रंगात घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू. पण एकमेकींशी नातं असं की पाहणारा थबकतो. त्यांना नुसतं ‘अतिवास्तववादी’ म्हणणं मला अपुरं वाटतं. कापडाच्या नक्षीत वर्षानुवर्षं मुरलेली नजर त्या चित्रांत आहे. 1990चं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकलेच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वाचायलाच हवं.

या सुट्टीत अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यात बोधिसत्त्वांच्या चित्रांइतकाच वेळ त्या खांबालाही द्या. हात डोळ्यांसमोर धरून तीन हरणं झाका. चौथं पूर्ण दिसेल. मग हात सरकवा.