कोपऱ्यातला नारळ

चाकणच्या कारखान्यात माझ्यासोबत काम करणारा एक तरुण हल्याळकडचा सिद्दी होता. नाव आपल्यासारखेच पोर्तुगीज वळणाचे, बोली कोकणी-मराठीच्या सरमिसळीची. रविवारी आम्ही एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकत असू.

एकदा चिंचवडला त्याच्या खोलीवर गेलो. भिंतीवर पवित्र मरियेची तसबीर होती आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात एक नारळ मांडलेला, पुढे उदबत्ती. ‘आमचे हिरियारू, अंकल. वाडवडील,’ तो म्हणाला. मी तिथल्या तिथे त्याला पहिली आज्ञा ऐकवली. त्याने निमूटपणे चहा पुढे केला.

त्या चहाची लाज पुढे वाचन करताना वाटली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांना बाप्तिस्मा मिळे, मुक्ती मिळत नसे. धर्मसंघांच्या मठांतही ती राबत. जी निसटली ती घाट चढून उत्तर कन्नडच्या रानात शिरली. तेथील सिद्दींत आज कॅथलिक, हिंदू, मुसलमान तिन्ही आहेत. हिरियारू मात्र तिघांचे. परमगुरुस्वामी सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, हे मी अभिमानाने सांगत असे. त्याआधीची गोव्यातली तीनशे वर्षे सोयीने गाळत असे.

दूरच्या हैतीतही हेच घडले होते. फ्रेंच राजाच्या १६८५ च्या कायद्याने गुलामांना कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला. त्यांनी संतांच्या तसबिरींआड आपली आफ्रिकी दैवते जपली. तोच वोडू पंथ. ऑगस्ट १७९१ मध्ये बुआ कायमानच्या रानात, रात्रीच्या विधीत बुकमनने उठावाची शपथ दिली, असे परंपरा सांगते. काही दिवसांतच उसाचे मळे पेटले. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. सिद्दींचा प्रतिकार असा गाजला नाही. निसटणे, रानात तग धरणे, आपण कोण हे न विसरणे, एवढाच तो. मला तो लहान वाटत नाही. सरकारदरबारी अनुसूचित जमात म्हणून त्यांची नोंद व्हायला मात्र २००३ साल उजाडले.

पुढे मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘अंकल, बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची नवी नावं आहेत. जुनी कुणीच लिहिली नाहीत. मग त्यांना हाक कशी मारायची?’

त्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सा आटोपून मी मेणबत्ती घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. ती कुठे लावायची, हे त्यालाच विचारले.