झोप कुठे हरवते

जोगेश्वरीत शेवटची लोकल गेली तरी पश्चिम द्रुतगती महामार्गावरचे ट्रक थांबत नाहीत. आठवड्यातून किमान 3 रात्री नीट झोप नाही, असं 3 महिने चाललं, की तो जुनाट निद्रानाश. आणि मग गोळीचा शोध सुरू होतो. अल्प्राझोलामने झोप लागते, यात शंका नाही. पण रोजची सवय शरीराला जडते आणि ती एकदम सोडली की उरलीसुरली झोपही उडते. मग जायफळ. सहाणेवर उगाळून दुधात चिमूटभर घातलेलं ठीक. पण झाडपाल्याचं म्हणून मात्रा वाढवली तर मळमळ, धडधड, भ्रम ठरलेलेच. अश्वगंधेवरच्या छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसतो, थोडाच.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. चरकसंहिता झोपेसाठी अभ्यंग आणि म्हशीचं दूध सांगते, तसंच नीट घातलेलं अंथरूण, सुखाचं घर आणि योग्य वेळही सांगते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनेही गोळीआधी वर्तनोपचार सुचवले: उठण्याची वेळ पक्की, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर. कुणी म्हणेल, चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं आणि पाळ्यांची नोकरी, तिथे हे कसं जमायचं? आक्षेप रास्त आहे. पाळी बदलली की उठण्याची वेळही बदलते. तिथे निदान पाळ्या सलग ठेवायला हव्यात. आणि निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांत आहेच. ती पाळायला लावणं हाही निद्रानाशावरचा उपचारच मानायला हवा.