गोधडी, जवळा आणि आमच्या मुलीचा श्वास

आमच्या घरी सकाळ घड्याळाच्या गजराने होत नसे, शिंकांनी होत असे. धाकटी मुलगी अंथरुणात उठून बसली की ओळीने दहा-बारा शिंका. मग नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, आणि पावसाळ्याच्या रात्री छातीत शिट्टी वाजावी तसा आवाज. ही गोष्ट २०१७ सालची. मुलगी तेव्हा दुसरीत होती. महिन्यातले पाच-सहा दिवस तिची शाळा बुडायची.

आमचे घर म्हणजे विक्रोळी पार्कसाइटच्या उतारावरची दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. मागची भिंत डोंगराला टेकलेली, त्यामुळे जूनपासून दसऱ्यापर्यंत ती पाणी पाझरते. माणसे पाच. आम्ही नवरा-बायको, दोन मुले, आणि खेड तालुक्यातल्या गावाहून मुंबईला आलेली मुलांची आजी. आम्हां दोघांपैकी एकाची नोकरी महापालिकेच्या सफाई खात्यात, दुसरीचे घरी शिवणकाम.

एके दिवशी शाळेतल्या बाईंनी मुलीला वर्गासमोर सांगितले, "घरी आईला जरा स्वच्छता ठेवायला सांग." ज्या बापाने अठरा वर्षे या शहराचे रस्ते झाडले, त्याच्या मुलीला हे ऐकावे लागले. ती घरी येऊन काही बोलली नाही. रात्री फक्त आजीच्या कुशीत रडली. ते शब्द आम्हां दोघांच्याही मनात रुतून बसले.

मग आम्ही जिद्दीला पेटलो. दिवसातून तीनदा केर काढायचा. फरशीवर फिनेल ओतायचे. मोरीत ॲसिड. गोधड्या दारातच झटकायच्या. पोटमाळ्यावरचे सामान दर रविवारी खाली काढून खोलीतच फडक्याने झाडायचे. डास होतात म्हणून रात्री कॉइल आणि सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती. घर आरशासारखे दिसू लागले आणि मुलीचा दमा मात्र वाढला. असे का व्हावे हे आम्हांला कळेना.

घर स्वच्छ करूनही उपयोग होईना तेव्हा सगळ्यांचे लक्ष तिच्या ताटाकडे गेले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, केळे बंद करा, कफ होतो. गावाकडच्या काकांनी दही-ताक बंद करायला लावले. कोणी म्हणाले अंडे उष्ण, कोणी म्हणाले दुधाने छाती भरते, कोणी शेंगदाण्याला नाव ठेवले, कोणी वांग्याला. प्रत्येकाचे आम्ही ऐकले. सांगणारी माणसे आपलीच, मायेनेच सांगत होती. पण वर्षभरात त्या पोरीच्या ताटात भात, आमटी आणि चपाती एवढेच उरले. शिंका तशाच राहिल्या. नऊ महिन्यांत तिचे वजन वाढायचे ते अर्धा किलो घटले. शाळेच्या फ्रॉकचे बटण मागे सरकवावे लागले, तेव्हा शिवणाऱ्या हाताला पहिल्यांदा भीती वाटली.

२०१८ च्या ऑगस्टात एका रात्री तिला बोलताही येईना इतका दम लागला. तिला उचलून सरकारी रुग्णालयात नेले. वाफेच्या यंत्रातून औषध दिल्यावर पहाटे ती झोपली. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हांला निवांत बसवून घेतले आणि आजवर कोणी न विचारलेले प्रश्न विचारले. मुलगी झोपते कुठे? उशीत काय भरले आहे? गोधडी शेवटची कधी धुतली? त्रास गावी गेल्यावर कमी होतो का? खाल्ल्यावर लगेच काही होते, की दुसऱ्या दिवशी?

त्यांनी मुलीची त्वचेची चाचणी करायला सांगितली. हातावर वेगवेगळ्या द्रावणांचे थेंब ठेवतात, सुईने हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबतात. ज्याची ॲलर्जी असेल तिथे डास चावल्यासारखी गांध उठते. सर्दीच्या काही गोळ्यांनी ही गांध दबते, म्हणून त्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. आमच्या मुलीच्या हातावर तीन ठिकाणी गांधी उठल्या. धुळीतला किडा, झुरळ आणि कोळंबी. अंडे, दूध, शेंगदाणा यांच्या जागी काहीच नव्हते.

ॲलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रथम वापरला. अर्थ सोपा आहे. जी वस्तू बाकीच्यांना निरुपद्रवी, तिलाच एखाद्याचे शरीर शत्रू समजते आणि लढायला उठते. घरातल्या धुळीत नेमका शत्रू कोण, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात शोधले. आठ पायांचा, मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा किडा, साध्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा भुगा खातो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच अंगात घेतो. त्याची विष्ठा धुळीत मिसळून नाकात जाते आणि त्रास तिचा होतो. उशी, गादी आणि गोधडी हे त्याचे घर. मुंबईचा पावसाळा म्हणजे त्याचा सुगीचा काळ.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा किडा गालिच्याच्या घरातही असतो आणि गोधडीच्या घरातही असतो. तुमचे घर घाणेरडे आहे म्हणून मुलगी आजारी नाही." त्या एका वाक्याने वर्षभर रुतलेला काटा निघाला. पण पुढे त्यांनी असेही सांगितले की आमची साफ करण्याची पद्धत चुकीची होती. कोरड्या झाडूने बसलेली धूळ उडते आणि बराच वेळ हवेत तरंगते. खोलीत झटकलेली गोधडी म्हणजे ती धूळ मुलीच्या तोंडावर उधळणेच. फिनेल, ॲसिड, कॉइल यांचा उग्र वास आणि धूर आधीच सुजलेल्या श्वासनळ्यांना आणखी चिडवतो. ज्याचे आयुष्य झाडूवर गेले, त्याला घरात झाडू कसा मारू नये हे त्या दिवशी कळले.

सगळ्यांत अवघड प्रश्न गोधडीचा होता. ती आजीने आपल्या जुन्या लुगड्यांच्या सात थरांची शिवलेली. इतकी जाड की बादलीत मावत नसे आणि पावसाळ्यात चार दिवस वाळत नसे. मुलगी तिच्याशिवाय झोपत नसे. ती टाकून द्या म्हणायला आमची जीभ रेटेना. शेवटी आजीनेच उपाय काढला. तिने टाके उसवले आणि सात थरांच्या तीन पातळ गोधड्या केल्या, एकीला दोन थर, दुसरीला दोन आणि तिसरीला तीन. आता दर आठवड्याला एक गोधडी आणि उशांच्या खोळी हात भाजेल एवढ्या कडक पाण्यात भिजतात. साधारण साठ अंशांच्या पाण्यात हा किडा मरतो. नंतर कडक ऊन. पावसाळ्यात ऊन नसेल तर पातळ कापड पंख्याखालीही वाळते. जुनी कापसाची उशी आम्ही टाकली. नवीला घट्ट विणीच्या कापडाची खोळ घरीच शिवली.

फरशी आता ओल्या फडक्याने पुसतो. साधे पाणी पुरते. केर काढायचाच असेल तर आधी पाण्याचा हबका, आणि त्या वेळी मुलगी बाहेर. पोटमाळ्यावरचे कपडे झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत गेले. शिवणकामाच्या चिंध्या रोज पिशवीत बांधून बाहेर. कामावरून येणाऱ्याने आधी मोरीत जाऊन अंघोळ करायची, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत. पाझरणाऱ्या भिंतीपासून अंथरूण दोन हात लांब सरकवले आणि बुरशी दिसली की ओल्या फडक्याने पुसून घेतो. झुरळांसाठी खरकटी भांडी रात्री ठेवायची नाहीत, मोरीच्या फटी सिमेंटने बुजवायच्या, आणि बोरिक पावडर-कणकेच्या गोळ्या मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवायच्या. भगिनींना एक इशारा द्यावासा वाटतो. मोरी धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

कॉइलऐवजी मच्छरदाणी आली. एक कॉइल जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत मिसळतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले आहे. अगरबत्तीचा प्रश्न मात्र नाजूक होता. संध्याकाळच्या वंदनेला अगरबत्ती नाही, हे आजीला पटेना. आम्ही तिला म्हणालो, "आई, प्राणिमात्राला इजा करणार नाही म्हणायचे, आणि त्याच वेळी आपलीच पोर धुराने खोकते." ती काही वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवसापासून प्रतिमेसमोर फूल आणि थोडाच वेळ मेणबत्ती. वंदना त्यामुळे काही कमी झाली नाही.

ताटाचा हिशेब सर्वांत आश्चर्याचा निघाला. दूध, अंडे, दही, केळे, शेंगदाणे, जे जे आम्ही बंद केले होते ते सर्व डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने एकेक करून परत सुरू झाले. एका वहीत रोज काय खाल्ले आणि काय झाले ते लिहायचे. काहीच झाले नाही. आणि जे आम्ही कौतुकाने वाढत होतो तेच नेमके घातक निघाले, ते म्हणजे आजीच्या हातची जवळ्याची चटणी. ती खाल्ल्यावर मुलीचा घसा खाजायचा, अंगावर लाल चट्टे उठायचे. आम्ही म्हणायचो, तिखट लागले असेल. डॉक्टरबाईंनी उलगडा केला. धुळीतला किडा, झुरळ आणि कोळंबी यांच्या शरीरात ट्रोपोमायोसिन नावाचे जवळजवळ सारखे प्रथिन असते. म्हणून एकाची ॲलर्जी असलेल्या काही जणांना दुसऱ्याचीही होते. सर्वांनाच होते असे नाही. हे प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून कोळंबी, जवळा, सुकट, चिंबोऱ्या तिला वर्ज्य झाल्या. बांगडा आणि बोंबील मात्र तिला चालतात. सुके बोंबील घेताना त्यात जवळा मिसळलेला नाही ना, हे आम्ही निवडून पाहतो.

आजीला याचे फार वाईट वाटले. "माझ्याच हाताने पोरीला त्रास दिला," असे म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. शेवटी नातच तिला म्हणाली, "आजी, तू मला अंड्याची पोळी करून दे." त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या.

खोटे सांगणार नाही, मुलगी पूर्ण बरी झालेली नाही. पावसाळा आला की अजूनही शिंका येतात. डॉक्टरांनी दिलेला पंप ती नियमाने घेते. "पंपाची सवय लागते" असे ऐकून आम्ही तो एकदा मध्येच बंद केला होता आणि ऑगस्टातली ती रात्र पुन्हा येता येता राहिली. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीपेक्षा फार कमी लागते. घराची सफाई ही औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही. सफाईतही एकच उपाय करून फारसे हाती लागत नाही, सगळे मिळूनच गुण येतो. पण रात्री रुग्णालयात धावण्याची वेळ त्यानंतर आलेली नाही. आज ती कॉलेजात जाते.

हे सर्व लिहिण्याचे कारण एकच. आपल्यासारख्या घरांत अंडे आणि दूध हेच मुलांचे बळ असते. ते कोणाच्या सांगण्यावरून ताटातून काढू नका. आधी उशी आणि गोधडी पाहा, वही ठेवा, चाचणी करून घ्या. मात्र एखादा पदार्थ खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा चक्कर आली, तर घरी प्रयोग न करता ताबडतोब रुग्णालय गाठा, आणि तो पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पुन्हा देऊ नका.

आजी अजून आहे. जवळ्याची चटणी खावीशी वाटली की ती शेजारच्या मावशींकडे जाते, खाऊन हात-तोंड धुऊन घरी येते. सात थरांची ती गोधडी आता तीन झाली आहे. तिन्ही रोज नातीच्या अंगावर आळीपाळीने असतात.