आठ वर्षांचे पाऊल, ऐंशी वर्षांचे पाऊल

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की पूर्वी राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव ही गावे एकामागून एक भेटत. आता बाह्यवळणे झाल्यामुळे मोटार त्यांना दुरूनच नमस्कार करून पुढे जाते. यंदा चैत्रात मात्र मी मुद्दाम गावांतून जाणारा जुना रस्ता धरला. सोबत आठ वर्षांची नात होती आणि जायचे होते जुन्नरला, माझ्या आत्याकडे. आत्याने नुकतीच ऐंशी वर्षे पूर्ण केली आहेत. जुन्नरच्या पेठेतील जुन्या घरात ती एकटी राहते.

प्रवासामागे एक कौटुंबिक पेच होता. मागील पावसाळ्यात आत्या घराच्या ओट्यावरून घसरली. हाड मोडले नाही, पण मुलांचा धीर सुटला. "आता पुण्याला चला, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे," असा त्यांचा आग्रह. आत्याचा नकार ठाम. तिचे मन वळवण्याची कामगिरी माझ्यावर आली होती.

जेवणे झाल्यावर मी विषय काढला. आत्या शांतपणे म्हणाली, "बाळ, इथे मी सकाळी पायी देरासरला जाते, येताना भाजी घेते, दुपारी शेजारणीच्या ओट्यावर बसते. तिथे मला सगळीकडे कोणी तरी न्यावे लागेल. पाय असून मी पांगळी होईन."

मजजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर देरासरला निघाले. एका हाताला आत्या, दुसऱ्या हाताला नात. अंतर फार तर पाच मिनिटांचे, पण आम्हाला वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत गाव म्हणजे काय असते, हे मी पुन्हा शिकले.

आत्या जिथे थांबे, तिथेच बहुधा नातही थांबे. रस्त्याची कड उंच असली की एकीचा गुडघा आणि दुसरीचे पाऊल एकाच वेळी अडखळे. मागून दुचाकीचा कर्कश भोंगा वाजला की दोघी एकदमच माझा हात घट्ट धरत. आणि एका जुन्या वाड्याचा सावलीतला ओटा दिसताच दोघींनाही तिथे बसावेसे वाटले. बहात्तर वर्षांचे अंतर, पण दोघींची गरज एकच. नगररचनेचे जाणकार अलीकडे म्हणतात की जे शहर आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या वृद्धाला सोयीचे, ते सर्वांनाच सोयीचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये वयस्नेही शहरांसाठी एक मार्गदर्शिका काढली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतही 2030 पर्यंत स्त्रिया, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांना सुरक्षित सार्वजनिक जागा मिळाव्यात, असे उद्दिष्ट आहे. हे सारे मी वाचले होते; त्याचा अर्थ मात्र पेठेतल्या त्या ओट्यावर बसल्यावर उमगला.

जुन्नरला ही गोष्ट नवी नाही. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावरचे हे नगर. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख त्याच घाटातील लेण्यात आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशा डोंगरांनी जुन्नर वेढलेले आहे आणि त्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी आहेत. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटात पुढील काळातील जैन मूर्तीही आहेत. एकाच डोंगराने अनेक श्रद्धांना आसरा दिला आहे.

या लेण्यांतील दानलेख वाचताना मन थक्क होते. तेथे पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि अशा पोढींची दाने पुन्हा पुन्हा येतात. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिल्याची नोंद आहे, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. मानमोडीच्या एका लेखात तर करंज आणि वड यांच्या झाडांसाठी शेतजमिनीचे उत्पन्न लावून दिले आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माणसाने, धान्याच्या दुकानदाराने या गावाला काय दिले? पाणी, बसून जेवण्याची जागा आणि सावली. चालत येणाऱ्याला याच तीन गोष्टी लागतात. दात्याचे नावही दगडावर कोरले आहे. नामफलकाची हौस जुनीच म्हणायची. परंतु तो फलक पाण्याच्या टाक्यावर आहे, हे विसरता येत नाही.

दुपारी लेण्याद्रीला गेलो. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे हे स्थान लेण्यातच आहे आणि तिथे पोहोचण्यास तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. आत्या पायथ्याशीच थांबली. "तरुणपणी पाहिले आहे, तुम्ही जाऊन या," म्हणाली. पुरातन स्थळाच्या साऱ्या पायऱ्या सपाट करता येणार नाहीत, करूही नयेत. परंतु जो वर जाऊ शकत नाही त्याला पायथ्याशी सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि वरचे चित्र दाखवणारा फलक मिळावा, एवढी अपेक्षा वाजवी आहे. शिवनेरीचा समावेश 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारसा यादीत झाला. पाहुणे वाढतील, मोटारी वाढतील. त्या मोटारींना जागा करून देताना इथल्याच आजीला रस्ता ओलांडता येईनासा झाला, तर वारशाचा सन्मान अपुराच राहील.

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेकडे आंबेगाव तालुक्यात गेलो. घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या कडेने रस्ता डोंगरात शिरतो. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. शहरांना आणि शेतांना पाणी मिळते तेव्हा कोणाचा तरी उंबरठा बुडालेला असतो, ही जाणीव नळ उघडताना आपल्याला क्वचितच होते.

पुढे माळीण. 30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा खचला आणि गाव गाडले गेले. 151 माणसे गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा ही बातमी बाहेर पोहोचली. मातीच्या त्या लोंढ्यात गावची शाळा मात्र उभी राहिली. स्मृतिस्थळापाशी नात हळूच म्हणाली, "आजी, इथे माझ्याएवढी मुले होती?" मी नुसती मान हलवली.

वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवले गेले आणि 2 एप्रिल 2017 रोजी त्याचे लोकार्पण झाले. पक्की घरे, शाळा, रस्ते, दिवे असे सारे नियोजनपूर्वक बांधले होते. तरी पहिल्याच पावसाळ्यात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, आणि एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसांच्या छातीत पुन्हा धडकी भरली. हा दोष कोणा एकाच्या माथी मारण्यासाठी सांगत नाही. उताराची जमीन, सह्याद्रीचा पाऊस आणि पाण्याची स्वतःची वाट यांचे ऐकल्याशिवाय आखलेले गाव, कितीही सद्भावनेने आखले तरी, अडचणीत येते. कागदावरील नकाशाला पाऊस लागत नाही, माणसांना लागतो. शाश्वत हा शब्द भाषणातून उतरून इथे अगदी साधा होतो: रात्री पाऊस वाढला तर लेकराला घेऊन निर्धास्त झोपता येईल का?

परतताना संध्याकाळ झाली. रस्त्याच्या दुतर्फा ऊस उभा होता. या पट्ट्यात अंधार पडला की लोक पोरांना घरात घेतात, कारण बिबट्या. धरणांच्या पाण्याने ऊस आला आणि उसाने बिबट्याला लपायला जागा दिली. माणिकडोहला जखमी व पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. जीवदया मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न अवघड वाटतो. जिचे मूल गेले तिला दयेचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? परंतु उपायांतील पुष्कळसे वस्तीच्या रचनेतच आहेत: घराला लागून शौचालय, वाटेवर दिवा, गुरांना बंदिस्त गोठा, उघड्यावर कचरा नाही म्हणजे भटकी कुत्री नाहीत आणि त्यांच्या मागे येणारा बिबट्याही नाही. नीट आखलेली वस्ती माणसाच्या लेकरालाही वाचवते आणि मुक्या जिवालाही.

मंचरजवळ आम्हाला तीन साध्वीजी दिसल्या. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्यासाठी त्या झपाझप चालल्या होत्या. एका वयोवृद्ध साध्वीजींना चाकांच्या खुर्चीतून नेत होते. आम्ही थांबून वंदन केले. ईर्यासमितीचे पालन म्हणजे समोरची चार हात भूमी न्याहाळत, एकही जीव पायाखाली न येईल असे चालणे. परंतु ज्या रस्त्याला चालणाऱ्यासाठी कडच नाही, तिथे दृष्टी समोरच्या मुंगीवर ठेवायची की मागून येणाऱ्या मालमोटारीवर? विहारातील अपघातांच्या वार्ता आपण वाचतो, हळहळतो, गुणानुवाद सभा घेतो. त्याच वाटेने शाळेत जाणारी मुले, ऊसतोड मजूर, भाजीची पाटी घेतलेली बाई हेही पायीच असतात. साध्वीजींसाठी सुरक्षित होणारी वाट त्या सर्वांसाठीच सुरक्षित होते.

बाह्यवळणांमुळे मंचर आणि नारायणगाव यांना त्यांचा जुना रस्ता परत मिळाला आहे. अवजड वाहतूक बाहेर गेली. आता मोकळ्या झालेल्या त्या रस्त्याचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. तिथे आणखी मोटारी उभ्या करायच्या, की रुंद पदपथ, झाडे, बाके आणि पथारीवाल्यांना हक्काची जागा द्यायची? स्पेनमधील पोंतेवेद्रा या लहान शहराने 1999 पासून आपल्या जुन्या भागातून मोटारी हळूहळू दूर केल्या आणि रस्ते चालणाऱ्यांना दिले. त्याची आज जगभर चर्चा होते. आपल्या पेठा तर चालण्यासाठीच वसल्या होत्या. त्यांना त्यांचे मूळ रूप आठवून द्यायचे आहे, इतकेच.

शासनाने करायचे ते शासनाने करावेच, आणि आपण ते हक्काने मागावे. परंतु आपल्या संघांनाही थोडे करता येईल. देरासर, स्थानक, उपाश्रय, पाठशाळा यांच्या पायऱ्या ऐंशी वर्षांच्या गुडघ्याने एकदा मोजाव्यात. कठडा आणि उतार करून घ्यावा. दाराबाहेर एक बाक असावे, येणाऱ्याजाणाऱ्या कोणत्याही माणसासाठी. पाणपोई उन्हाळ्यापुरती न राहता बारमाही व्हावी. जन्मदिनी, पुण्यतिथीला लावलेले झाड तीन वर्षे जगवण्याची जबाबदारी एका घराने घ्यावी. यांपैकी कशालाही संगमरवराइतका खर्च येत नाही.

निघताना मी आत्याला पुण्याला चल म्हणाले नाही. तिच्या मुलांना फोन करून सांगितले की ओट्याला कठडा बसवायचा आहे आणि देरासरच्या वाटेवर मध्यावर बसायला एक जागा हवी आहे. समोरचे दुकानदार भिंतीला लागून बाक ठेवू देण्यास तयार आहेत. फोनवर क्षणभर शांतता होती. मग थोरला म्हणाला, "एवढ्याने भागेल?"

किती दिवस भागेल, मला सांगता येत नाही. गेल्या महिन्यात बाक आले. त्याच्यावर नाव घालायचे का, असे विचारले तेव्हा आत्या म्हणाली, "नाव कशाला? ज्याला बसायचे तो बसेल." तिथे आता सकाळी ती बसते आणि दुपारी शाळेतून येणारी मुले बसतात, असे ती फोनवर सांगते. नात मात्र विचारत असते, तिच्यासाठी जागा उरेल ना?