आमची राहुटी

पंचावन्नी उलटल्यावर मनुष्यानें काय विकत घ्यावें याविषयीं आमच्या समाजाचे संकेत ठरलेले आहेत. हातांत धरावयास काठी, नाकावर ठेवावयास जाड भिंगांचा चष्मा आणि ऐपत असल्यास एखादी आरामखुर्ची, एवढ्या वस्तूंवर त्याचा अधिकार निर्विवाद मानला जातो. त्यानें तंबू विकत घ्यावा हें मात्र कोणत्याच संकेतांत बसत नाहीं. म्हणून गेल्या हिवाळ्याच्या आरंभीं एक लहानशी, हलकी राहुटी घेण्याचा मनोदय आम्हीं घरांत बोलून दाखविला, तेव्हां आमच्या कुटुंबानें हातांतलें तांदळाचें सूप खालीं ठेवलें. "अहो, डोक्यावर चांगलें सिमेंटचें छत आहे. तें पुरत नाहीं का?"

पुरत नव्हतें असें नाहीं. परंतु नांदेडास कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितां शिकवितां आम्हांला एक व्यसन जडलें आहे. सुटी लागली कीं चार-दोन विद्यार्थी बरोबर घ्यावयाचे, कंधारचा किल्ला, खरोशाचीं लेणीं किंवा सहस्रकुंडचा धबधबा गांठावयाचा, आणि रात्र एखाद्या देवळाच्या ओसरीवर काढावयाची. दोन वर्षांपूर्वीं अशाच एका मुक्कामीं अवकाळी पावसानें आम्हांला गांठलें. विद्यार्थी भिजले ते सकाळच्या उन्हांत वाळले. दुर्बीण, टिपणवह्या आणि पिशवींतलीं पुस्तकें कांहीं वाळलीं नाहींत. छपराची गरज माणसापेक्षां सामानालाच अधिक असते, हा धडा आम्हीं त्या दिवशीं घेतला.

राहुटी घेणें म्हणजे दुकानांत जाऊन पैसे मोजणें, अशी आमची भाबडी समजूत होती. पुण्यास नोकरीला असलेल्या चिरंजीवांनीं ती लवकरच दूर केली. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दोन महिने या विद्येचा अभ्यास करीत होतों. विद्यार्थिदशेंत एन्. सी. सी.च्या शिबिरांत आम्हीं जे तंबू उभारले ते जाड ताडपत्रीचे. ते उचलावयास चार धट्टेकट्टे गडी लागत, आणि भिजले कीं सहा. आतां नायलॉनचें अथवा पॉलिएस्टरचें कापड आणि ॲल्युमिनियमच्या पोकळ काड्या मिळून सारें बिऱ्हाड दोन-अडीच किलोंत आटोपतें. 'दोन माणसांची' असें जिच्यावर लिहिलेलें असतें ती राहुटी वस्तुतः एक मनुष्य आणि त्याचें सामान यांच्यापुरतीच असते. दोन माणसें तींत मावतात खरीं. पण त्यांचें एकमेकांशीं पूर्वीपासून चांगलें असावें लागतें.

आणखीहि कांहीं गोष्टी समजल्या. कापडावर ३००० मिलिमीटर असा आंकडा असला, तर तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब तें झिरपूं न देतां सोसतें. आच्छादन एकेरी नसावें. कारण निजलेल्या माणसाच्या श्वासांतली वाफ थंड कापडाला लागून तिचें पाणी होतें, आणि पाऊस नसतांहि सकाळीं पांघरूण ओलें सांपडतें. आंत जाळी, तिच्यावर हात-दीड हात पुढें आलेलें दुसरें कापड, आणि त्या दोहोंमध्यें जी जागा उरते ती म्हणजे राहुटीची पडवी. चिखलाचे जोडे आणि ओल्या पिशव्या तेथें राहतात. तळ भिंतींना शिवलेला असावा, म्हणजे विंचवाला निमंत्रण जात नाहीं. आमच्या मराठवाड्यांत तर आणखी एक अडचण. काळ्या रानांत खुंटी ठोकावी तर पावसांत ती लोण्यांतून निघावी तशी निघते, आणि मुरमावर ठोकावी तर वांकते. म्हणून खुंट्यांवांचूनहि कमानींच्या बळावर उभी राहणारी घुमटाकार राहुटी आम्हीं पसंत केली व घराच्या गच्चीवर लावून पाहिली. शेजारच्या मुलांनीं ती तत्काळ ताब्यांत घेतली.

मार्गशीर्षाच्या अखेरीस आम्ही ती गाडींत टाकून लातूरच्या वाटेला लागलों. औसा तालुक्यांत आमचें आजोळ आहे. मामांच्या शेतांत दोन रात्री काढाव्या, असा बेत होता. वाटेंत लोहा तालुक्यांत माळेगांव लागतें. तेथील खंडोबाची यात्रा ऐन भरांत होती. घोडे, गाढवें, उंट यांचा बाजार आणि त्यांच्याभोंवतीं भटक्या लोकांचीं शेंकडों पालें. आमची मराठी भाषा या बाबतींत श्रीमंत आहे. पाल, राहुटी, डेरा, तंबू, शामियाना, ऊंसतोड्यांची कोपी. डोक्यावरच्या कापडाची वा पाचटाची किंमत जशी बदलते तसें नांव बदलतें. एका पालाशेजारीं मोकळी जागा पाहून आम्हीं आमची नवी राहुटी मोठ्या डौलानें उभारावयास घेतली. पालांतला म्हातारा कांहीं वेळ पाहत राहिला. मग उठून जवळ आला.

"साहेब, आधी वारं बघा, मग दोरी बघा."

आम्हीं दार नेमकें वाऱ्याच्या तोंडाला केलें होतें. त्यानें तें फिरवावयास लावलें, जागा जरा उंचवट्याला घ्यावयास लावली, आणि खुंट्या शिरेनात तेथें दोरीला दगड बांधून दिले. दोन महिन्यांच्या अभ्यासांत दोन किलोंपासून ३००० मिलिमीटरांपर्यंत सारें आम्हीं पाठ केलें होतें. वारा कोठून येतो हें पाहावयाचें मात्र राहून गेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मामांच्या शेतावर पोंचलों. मामा आतां ऐंशीच्या घरांत आहेत. नव्या गांवठाणांत त्यांचें सिमेंटचें घर आहे, पण ते निजतात शेतांत, पत्र्याच्या खोपटाबाहेर बाजेवर. याचें कारण आमच्या घरीं कोणी कधीं बोलत नाहीं, आणि विचारावें लागत नाहीं.

१९९३ सालीं आम्ही लातुरास नुकतेच अध्यापक झालों होतों. २९ सप्टेंबरला गणपतींचें विसर्जन झालें. गांवोगांव माणसें थकून उशिरां निजलीं, आणि ३० तारखेच्या पहांटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. मामा त्या रात्रीं जागलीला शेतांत होते. मामी आणि धाकटा शिवा घरांत होतीं. आम्ही तिसरे प्रहरीं एका ट्रकांतून तेथें पोंचलों तेव्हां घर म्हणून जें होतें तो दगडमातीचा एक ढीग होता, आणि मामा हातांनीं दगड बाजूला करीत होते. पुढें पाऊसहि आला.

त्या घराच्या भिंती दोन हात जाड होत्या. आमचें लहानपण त्यांच्या गारव्यांत गेलें. बाहेर वैशाखाचा वणवा पेटलेला असतांना आंत माठाच्या कुशींत निजल्यासारखें वाटे. वर माळवद होतें. लांकडावर मातीचा थर, आणि पावसाळ्यापूर्वीं गळूं नये म्हणून दरसाल त्यावर आणखी माती. आजोबांनीं घातली, मामांनींहि घातली. त्यांत कोणाचें अज्ञान होतें असें म्हणण्याचें धैर्य आम्हांला नाहीं. ऊन, पाऊस आणि चोर हे तीनच शत्रु त्यांना ठाऊक होते, आणि तिघांविरुद्ध तें घर चोख होतें. चिखलांत रचलेले गोल दगड आणि डोक्यावर दरसाल वाढत गेलेलें ओझें चौथ्या शत्रूसमोर काय करील, हें त्यांना सांगावयास कोणी आलें नव्हतें. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. आजहि जुन्या गांवाच्या जागेवरून जातांना मामा बोलत नाहींत.

आम्हीं लिंबाखालीं राहुटी उभारली. पांच मिनिटें लागलीं. मामा काठी टेंकीत भोंवतीं फिरले. मग वांकून त्यांनीं एका हातानें सबंध राहुटी, उभी आहे तशी, जमिनीपासून वीतभर उचलली, क्षणभर धरली आणि खालीं ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "हे अंगावर पडलं तरी मानूस मरत न्हाई."

आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. वजनाचे आंकडे आम्हीं चिरंजीवांच्या यादींतून घेतले होते. सारे पाठीवर वाहण्याच्या हिशेबानें. तेंच वजन छातीवर पडलें तर, या हिशेबानें छपराकडे पाहणारा मनुष्य आमच्यासमोर उभा होता, आणि तीस वर्षांहून अधिक काळ तो प्रत्येक छपराकडे तसाच पाहत आला होता.

दोन रात्री आम्ही राहुटींत निजलों, मामा बाजेवर. निघतांना ती आम्हीं गुंडाळली नाहीं. उन्हानें कापड कुजतें, तेव्हां ती सावलींतच ठेवावी, एवढें सांगितलें. "लिंब हाय की," मामा म्हणाले. पुढल्या महिन्यांत मामेबहिणीच्या मुलाकडून कळलें कीं राहुटी उभी आहे. तींत मामांनीं बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचा पंप आणि शिवाची एक जुनी पेटी ठेवली आहे, आणि स्वतः ते तिच्या दाराशीं बाज टाकून बाहेरच निजतात. सामानाला छप्पर हवें असतें, हें त्यांनाहि पटलें होतें असें दिसतें.

घरीं आलों तेव्हां कुटुंबानें गाडींतलें सामान मोजलें. "राहुटी कोठें आहे?"

आम्हीं सांगितलें. मामांचे शब्दहि सांगितले. ती पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. मग वर छताकडे एकदां पाहून म्हणाली, "दुसरी आणा. पण या खेपेस जरा मोठी घ्या, दोघांना पुरेल अशी."